संगणकीय उड्डाण-खेळातील मदतकार्य आणि करुणेचा प्रश्न

संगणकावरील खेळ हा विषय आमच्यासारख्या नियतकालिकाच्या पानांवर यावा, याचे काही वाचकांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. या खेळांविषयी आपल्याकडे बहुधा दोनच प्रकारची चर्चा होते. मुलांचा अभ्यास बुडतो ही पालकांची तक्रार, आणि हिंसक खेळांमुळे मन निबर होते ही समाजचिंतकांची भीती. दोहोंतही तथ्य आहे. परंतु ज्या खेळात कोणालाही मारायचे नसते, उलट भुकेल्यांपर्यंत धान्य न्यायचे असते, त्याची चिकित्सा फारशी कोणी करीत नाही. जिचा हेतू चांगला आहे त्या गोष्टीची परीक्षा कशाला, असा समज त्यामागे असावा. आमचे मत याच्या उलट आहे. ज्या कृतीला करुणेचे नाव दिले जाते तिची परीक्षा इतर कृतींपेक्षा अधिक कसोशीने झाली पाहिजे. कारण तेथे हेतूच्या आड उणीव सहज लपते.

विमान न उडवता विमान चालवण्याचा सराव करणे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली असे सराव-यंत्र तयार केले आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक अशा यंत्रांवर शिकले. पुढे घरगुती संगणक आले, तेव्हा हीच कल्पना खेळाच्या रूपाने घरात शिरली. ब्रूस आर्टविक यांनी रचलेला 'फ्लाइट सिम्युलेटर' मायक्रोसॉफ्टने १९८२ साली बाजारात आणला. त्या वेळी पडद्यावर चार रेषा आणि काही ठिपके दिसत. त्याच मालिकेतील २०२० सालच्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवरून आणि हवाई छायाचित्रांवरून सगळी पृथ्वी उभी केलेली आहे. तीत सदतीस हजारांहून अधिक विमानतळ आहेत आणि त्या क्षणी प्रत्यक्षात जेथे जसे हवामान असेल तसेच हवामान खेळातही मागवता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीत खेळाडूला वैमानिकाचा व्यवसायच करता येतो. मालवाहतूक, रुग्णवाहतूक, वणवे विझवणे, शोध व सुटका अशी कामे तो घेतो, आणि त्यांतून खेळातील पैसे व नावलौकिक कमावतो.

अशा खेळात मदतकार्याची फेरी दोन प्रकारे करता येते. एक तर खेळाच्या रचनाकारांनी आखून दिलेली. किंवा खेळाडूने स्वतः ठिकाण, विमान, वजन आणि हवामान निवडून आखलेली. आम्ही दुसरा मार्ग निवडला, कारण त्यात खेळाच्या शक्तीची पुरी परीक्षा होते. २०२० सालच्या आवृत्तीत केनियाच्या वायव्येकडील लोकिचोगिओ या तळावरून दक्षिण सुदानमधील रुंबेक येथपर्यंत आम्ही एक उड्डाण आखले. हा मार्ग काल्पनिक नाही. सुदानमधील यादवी युद्ध व दुष्काळ यांत सापडलेल्या लोकांसाठी १९८९ च्या एप्रिलमध्ये 'ऑपरेशन लाइफलाइन सुदान' सुरू झाले. युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम आणि अनेक स्वयंसेवी संस्था त्यात सामील होत्या. खार्टूमचे सरकार आणि त्याच्याशी लढणारी बंडखोर फौज अशा दोन्ही पक्षांशी बोलणी करून युद्ध चालू असतानाच अन्न पोहोचवायचे, अशी ही योजना होती. तिच्या दक्षिणेकडील कामाचा मुख्य हवाई तळ लोकिचोगिओ हा होता. तुर्काना जमातीच्या कोरड्या, गरीब मुलखातील हे लहानसे गाव त्या काळात मालवाहू विमानांनी गजबजलेले असे.

या उड्डाणासाठी आम्ही 'सेस्ना ग्रँड कॅरव्हॅन' हे एका इंजिनाचे विमान घेतले. आखूड आणि कच्च्या धावपट्टीवर उतरू शकणारी अशी विमाने मदतकार्यात प्रत्यक्ष वापरली जातात. या विमानात इंधन, माणसे आणि माल मिळून सुमारे सोळाशे किलो वजन मावते. लोकिचोगिओ ते रुंबेक हे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर आहे. तेथे इंधन मिळणार नाही असे गृहीत धरले, तर परतीचे इंधनही निघतानाच बरोबर घ्यावे लागते. शिवाय अडचणीसाठी काही राखीव ठेवावे लागते. इंधनाचा हा भार आणि वैमानिकाचे वजन वजा केले की धान्यासाठी साडेसहाशे किलोच्या आसपास जागा उरते. माणशी रोजचा अर्धा किलो शिधा धरला तर हे धान्य सुमारे तेराशे माणसांना एक दिवस पुरेल. हा हिशेब खेळाने आम्हांला सांगितला नाही. तो आम्हांला कागदावर करावा लागला. परंतु खेळामुळे तो करावासा वाटला, हे येथे नमूद केले पाहिजे.

खेळाचे हे पहिले आणि मोठे श्रेय आहे. सदिच्छेला वजन असते, हे तो शिकवतो. वैमानिकाच्या मनात कितीही दया असली तरी विमान ठरावीक भारापलीकडे उठत नाही. दोन पोती अधिक घेतली तर इंधन कमी करावे लागते, आणि इंधन कमी केले तर परत येता येत नाही. दुपारच्या उन्हात हवा विरळ होते आणि धावपट्टीची लांबी अपुरी पडू लागते. ढग खाली आले तर समोर दिसणारी धावपट्टी सोडून मागे वळण्याचा निर्णय घ्यावा लागतो. मदत करण्याच्या उतावीळपणाला येथे स्थान नाही. दोन तासांच्या उड्डाणात चित्त क्षणभरही भरकटू देऊन चालत नाही. उंची, वेग, दिशा, इंधन यांवर लक्ष पुनःपुन्हा आणावे लागते. स्मृती आणि अप्रमाद यांचे महत्त्व जाणणाऱ्या आमच्या वाचकांना या शिस्तीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. आकाशातून अन्न नेणे म्हणजे बटन दाबणे नव्हे, हे ज्या मुलाला चौदाव्या वर्षी उमगेल त्याचा तो लाभच आहे.

हे श्रेय दिल्यानंतर आता उणिवेकडे वळू. रुंबेकच्या धावपट्टीवर चाके टेकली, वेग ओसरला, इंजिन थांबवले, आणि तेथे उड्डाण संपले. बाहेर कोणी नव्हते. धान्याची पोतीही नव्हती. विमानाच्या पोटात होता तो वजनाचा एक आकडा. २०२४ च्या आवृत्तीत मालाला रूप दिलेले आहे, खेळात माणसेही दिसतात. परंतु तेथेही यशाचे माप एकच. विमान नीट उडाले का, नीट उतरले का, वेळेत पोहोचले का? या प्रश्नांवर गुण मिळतात, पैसे मिळतात, पुढचे काम मिळते. अन्न कोणाच्या मुखी गेले, हा प्रश्न खेळ विचारीत नाही. म्हणजे मदतकार्याचे जे प्रयोजन, तेच त्याच्या मोजमापातून वगळलेले आहे. पेट्या वाहिल्या काय किंवा भुकेल्यांचे धान्य वाहिले काय, खेळाच्या दृष्टीने दोन्हींत भेद नाही.

ही उणीव केवळ तपशिलाची आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही, हे दाखवण्यासाठी त्याच प्रदेशाचा १९९८ सालचा अनुभव पाहिला पाहिजे. त्या वर्षी दक्षिण सुदानच्या बाहर-अल-गझल प्रांतात भीषण उपासमार झाली. सुमारे सत्तर हजार माणसे मेली असा एक अंदाज आहे. याची कारणे केवळ पावसात नव्हती. गावांवर हल्ले होत होते, गुरे पळवली जात होती, धान्य जाळले जात होते, आणि माणसे वस्त्या सोडून पळत होती. जानेवारीच्या अखेरीस वाऊ शहरात लढाई झाली. त्यानंतर खार्टूमच्या सरकारने या प्रांतात मदतीची विमाने जाण्यास बंदी घातली आणि फेब्रुवारी व मार्च हे दोन महिने ती जवळजवळ पूर्णपणे चालू राहिली. विमाने होती, वैमानिक होते, हवामानही आड येत नव्हते. नव्हती ती परवानगी. एरवीही कोणत्या गावी विमान जाईल याची यादी सरकारकडे पाठवावी लागे आणि तीतून कोणते गाव वगळायचे ते सरकार ठरवी.

आता खेळाकडे पाहा. खेळात वाऱ्याची दिशा बदलता येते, ढग वाढवता येतात, हवे तर इंजिनात बिघाड घडवून आणता येतो. परंतु सत्तेचा नकार त्यात कोठेच नाही. नियंत्रण-कक्षाची परवानगी मागावी लागते खरी. पण ती रहदारीपुरती असते. खेळाच्या जगात भूक आणि अन्न यांच्यामध्ये फक्त निसर्ग उभा असतो आणि त्याच्यावर कौशल्याने मात करता येते. प्रत्यक्षातली भूक बहुधा माणसांच्या निर्णयांतून निर्माण होते आणि माणसांच्याच निर्णयांनी लांबते. दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे ज्या परंपरेने आधी सांगितले, तिच्या अभ्यासकांना हा फरक किरकोळ वाटू नये. दुःख दाखवून त्याचे कारण झाकणारी कृती पाहणाऱ्याचे मन हळवे करील, त्याला शहाणे करणार नाही. असा खेळ खेळून उठलेल्या मुलाची समजूत अशी होईल की दूर कोठेतरी काही लोक भुकेले आहेत, कारण तेथे रस्ते वाईट आहेत आणि हवा खराब आहे.

रस्ते वाईट होते, हेही खरे आहे. बाहर-अल-गझलची जमीन आपल्याकडील कपाशीच्या काळ्या मातीसारखी आहे. पावसात तिचा चिखल होतो, मालमोटारी रुततात, कच्च्या धावपट्ट्याही निकामी होतात. म्हणून तेथे विमान न उतरवता धान्य वरून टाकण्याची पद्धत वापरावी लागली. 'हर्क्युलस' जातीचे चार इंजिनांचे विमान जमिनीपासून दोनशे-तीनशे मीटर उंचीवरून जाते, नाक किंचित वर उचलते, आणि मागच्या उघड्या दारातून पोती आपल्याच भाराने घसरत खाली पडतात. फुटू नयेत म्हणून एकात एक अशी अनेक पोती वापरलेली असतात. एका फेरीत सुमारे सोळा टन धान्य जाते. म्हणजे हजार माणसांचा एक महिन्याचा शिधा. हा आकडा मोठा वाटतो. परंतु दहा लाख माणसांना जगवायचे असेल तर रोज अशा तीसहून अधिक फेऱ्या लागतील आणि त्यांत एकही दिवस खंड पडून चालणार नाही. हवाई मार्गाने अन्न पोहोचवण्याचा खर्च जमिनीवरून नेण्याच्या कित्येक पट येतो. म्हणूनच जाणती संस्था हा मार्ग शेवटचा मानते. खेळात मात्र तोच पहिला आणि एकमेव असतो.

या पद्धतीत सर्वांत महत्त्वाची माणसे विमानात नसतात. ती खाली असतात. विमान येण्यापूर्वी काही कार्यकर्ते त्या गावी जातात, मोकळी जागा निवडतात, ती पांढऱ्या खुणांनी आखतात, माणसे व गुरे तेथून दूर ठेवतात आणि बिनतारी यंत्रावरून वैमानिकाला सांगतात की आता टाका. खालून होकार आल्याशिवाय वरून पोते पडता कामा नये. पन्नास किलोचे पोते त्या उंचीवरून पडले तर माणूस जागीच ठार होतो. हा धोका पुस्तकी नाही. ८ मार्च २०२४ रोजी गाझा शहरालगत हवाई छत्री न उघडल्यामुळे मदतीचे खोके लोकांवर कोसळले आणि पाच जण मृत्युमुखी पडल्याचे वृत्त आले. सीरियातील वेढा पडलेल्या देर-अझ-झोर शहरावर फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने फार उंचीवरून एकवीस टन मदत टाकली; त्या पहिल्या प्रयत्नातील बहुतेक माल भलतीकडे पडला, तुटला किंवा सापडलाच नाही. पुढे पद्धत सुधारल्यावर तेथे शेकडो टन अन्न पोहोचले. अपयशाची ही नोंद त्या संस्थेने लपवली नाही, हे तिला भूषणावह आहे. खेळात अशा नोंदीला जागा नाही. तेथे चुकले तर पुन्हा आरंभ करायचा. पहिली फेरी झालीच नव्हती असे समजायचे.

पोती सुखरूप पडली, गोळा झाली, तरी काम संपले असे नाही. खरे तर आमच्या वाचकांच्या दृष्टीने ते तेथून सुरू होते. १९९८ च्या उपासमारीत एवढे धान्य जाऊनही काही ठिकाणी मृत्यू का थांबत नाहीत, याची चौकशी मदतसंस्था आणि बंडखोरांची मदतशाखा यांच्या संयुक्त पथकाने केली. धान्य गावप्रमुखांच्या हातून वाटले जात होते. त्यातला काही भाग फौजेकडे जात होता. आणि जे लोक दुसऱ्या भागातून पळून आले होते, ज्यांचा त्या गावात कोणी नातलग किंवा प्रमुख नव्हता, ते वाटपातून वगळले जात होते. आकाशातून पाहताना गर्दी एकच दिसते. त्या गर्दीत कोण पुढे आहे आणि कोणाला मागे ढकलले आहे, हे जमिनीवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

हे वाक्य लिहिताना आम्हांला सुदानच्या बाहेर फार दूर जावे लागत नाही. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातमधील भूकंपानंतर आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतवाटपात दलितांना कशी वागणूक मिळाली, याच्या नोंदी मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या आहेत. नागपट्टिनमच्या परिसरात दलित कुटुंबांना निवाऱ्याच्या जागी शिरू दिले गेले नाही, पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवले गेले, त्यांच्या वाट्याला मदत उशिरा व कमी आली. अडवणारेही समुद्राने उद्ध्वस्त केलेलेच होते. लाटेने भेद केला नाही, रांगेने केला. मदतीने भरलेली वाहने तेथे पोहोचली होती. हिशेबाच्या वहीत ती 'पोहोचली' अशीच लिहिली गेली असतील. ज्या समाजाने घेणाऱ्याच्या बाजूने अशा रांगा पाहिल्या आहेत, त्याने 'माल पोहोचला, काम फत्ते' या मोजमापावर विश्वास का ठेवावा? खेळाच्या पडद्यावर उमटणारे यशाचे चिन्ह आम्हांला अस्वस्थ करते ते या कारणाने.

या ठिकाणी एका वेगळ्या खेळाचा उल्लेख केला पाहिजे. जागतिक अन्न कार्यक्रमाने २००५ साली 'फूड फोर्स' नावाचा खेळ मुलांसाठी विनामूल्य उपलब्ध केला. हिंदी महासागरातील शेलान नावाच्या काल्पनिक बेटावर दुष्काळ आणि यादवी आहे, अशी त्याची मांडणी होती. त्यात सहा कामगिऱ्या होत्या. आधी हेलिकॉप्टरमधून पाहणी करून लोक मोजायचे. मग तांदूळ, कडधान्य, तेल, साखर आणि आयोडीनयुक्त मीठ यांचा समतोल शिधा माणशी दररोज तीस अमेरिकी सेंट एवढ्या खर्चात बसवायचा. नंतर वाऱ्याचा अंदाज घेऊन विमानातून धान्य टाकायचे. पुढे जगभरातून धान्य मिळवण्याची व्यवस्था, मालमोटारींचा ताफा नेताना वाटेतील सशस्त्र माणसांशी बोलणी, आणि अखेरीस त्याच अन्नाच्या आधाराने दहा वर्षांत एक गाव उभे करणे. चित्रांच्या आणि उड्डाणाच्या बाबतीत हा खेळ आजच्या 'फ्लाइट सिम्युलेटर'पुढे अगदीच बाळबोध होता. वाऱ्याच्या एका अंदाजापलीकडे त्यात विमान-शास्त्र नव्हते. परंतु विमान हा मदतकार्याचा सहावा भाग आहे आणि उरलेले पाच भाग जमिनीवर आहेत, हे त्याने रचनेतूनच सांगितले. आमच्या मते ही त्याची खरी थोरवी.

त्यालाही मर्यादा होत्याच. खेळणारा नेहमी देणाऱ्याच्या बाजूला असे. शेलानच्या लोकांपैकी कोणाच्या भूमिकेत जाऊन त्याला रांगेत उभे राहता येत नसे. तो खेळ काढणारी संस्था स्वतःच्या कामाची ओळख करून देत होती, तेव्हा आपल्या चुकांचे चित्र तिने ठळक करावे ही अपेक्षाही जास्तीची ठरेल. तरीही त्याची शेवटची कामगिरी आम्हांला विशेष वाटते. तेथे अन्न हे दान राहत नाही. ते शेतीला, शाळेला आणि कामाला लागणारे भांडवल होते. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजाला जो सल्ला दिलेला आहे तो वाचकांना येथे आठवेल. राज्यातील अशांती दंडाने मिटणार नाही. शेतकऱ्याला बियाणे व चारा, व्यापाऱ्याला भांडवल, नोकराला वेतन दिले म्हणजे ती मिटेल, असा त्याचा आशय आहे. भुकेवरचा उपाय घास देऊन सुरू होतो आणि माणूस पुन्हा घास मागण्याच्या स्थितीत येणार नाही, तेथे पूर्ण होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. खेळात केलेले मदतकार्य ही करुणेची साधना होऊ शकते काय? काही जण म्हणतील, पडद्यावरच्या आकृत्यांशी करुणेचा काय संबंध? आम्ही इतक्या सहजासहजी हा प्रश्न निकालात काढणार नाही. करुणा-भावना हीदेखील कल्पनेच्या आधारेच केली जाते. डोळे मिटून बसलेल्या साधकासमोर प्रत्यक्ष कोणी नसते. कल्पनेला कमी लेखणे म्हणून योग्य नाही. परंतु ती कल्पना कोठून सुरू होते ते पाहिले पाहिजे. विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोष सांगतात की करुणेचा आरंभ एखाद्या दीन, दुर्दशेत सापडलेल्या, प्रत्यक्ष दृष्टीस पडलेल्या माणसापासून करावा. आरंभी एक माणूस हवा, आणि तो दिसला पाहिजे. पुढे ती करुणा सर्व दिशांना पसरते. खेळात हा क्रम उलटा आहे. तेथे सर्व दिशा आहेत, पर्वत आहेत, ढग आहेत. तो एक माणूस नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. भगवान तेथे आले असताना त्याचा बैल हरवला होता. तो शोधण्यात त्याचा अर्धा दिवस गेला आणि तो उपाशीच, थकून, उशिरा सभेला पोहोचला. भगवान त्याच्यासाठी थांबले होते. तो आल्यावर त्याला आधी जेवू घालण्यात आले आणि मगच धम्मदेशना सुरू झाली. या कथेत अन्न किती होते आणि ते कोणी आणले, याला महत्त्व नाही. उशिरा आलेला, मागे उभा असलेला एक भुकेला माणूस सभेच्या गर्दीतून ओळखला गेला, हे तिचे सार. मदतकार्याच्या कोणत्याही योजनेला, खऱ्या किंवा खेळातल्या, आम्ही हीच कसोटी लावू. सर्वांत मागे उभा असलेला तिला दिसतो काय?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. विमान उडवण्याचा खेळ हा विमान उडवण्याविषयी आहे. त्याने जगातील सर्व अन्यायांचा पाढा का वाचावा? आमचे उत्तर असे की साध्या उड्डाणाकडून आम्ही ही अपेक्षा ठेवतच नाही. नद्या आणि डोंगर वरून पाहण्याचा आनंद निर्मळ आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. परंतु ज्या क्षणी एखाद्या फेरीला 'मदत' हे नाव दिले जाते आणि त्या नावामुळे खेळणाऱ्याच्या मनात समाधानाची भावना उत्पन्न केली जाते, त्या क्षणी माप बदलते. कौशल्याचे समाधान कौशल्यातून मिळावे. परोपकाराचे समाधान मिळवायचे असेल तर ज्याच्यावर उपकार झाला म्हणता तो माणूस चित्रात हवा.

आणि तो चित्रात आणणे अशक्य नाही. ज्या रचनाकारांना पृथ्वीवरचे प्रत्येक विमानतळ उभे करता येते, त्यांना मालाचे वजन पौंडांऐवजी शिध्यांत दाखवता येईल. परवानगी नाकारल्यामुळे विमान उठलेच नाही अशीही एक फेरी त्यांना ठेवता येईल. त्या दिवशी खेळाडूला धावपट्टीवर बसून राहावे लागेल, आणि तोही मदतकार्याचाच अनुभव असेल. खालून होकार न आल्यामुळे भरलेले विमान परत आणणाऱ्याला पूर्ण गुण देता येतील. उतरल्यावर वाटपाची यादी समोर ठेवता येईल आणि तीत कोणाचे नाव राहिले ते शोधण्याचे काम देता येईल. फूड फोर्सने यातल्या काही गोष्टी तुटपुंज्या साधनांनी २००५ सालीच करून दाखवल्या होत्या. तेव्हा अडचण तंत्राची नाही. काय मोजायचे हे ठरवण्याची आहे.

तोवर आमच्या घरांतील मुले हे खेळ खेळतच राहणार. त्यांना अडवावे असे आम्ही सुचवणार नाही. त्यांच्या हाती येणारी एकाग्रता, हिशेबाची सवय आणि वेळेवर माघार घेण्याचे धैर्य या गोष्टी उपयोगाच्या आहेत. आणि वैमानिकाच्या आसनावर बसण्याची कल्पना ज्यांच्या आजोबांना करताही आली नसती, त्यांची नातवंडे ती सहज करतात, यात आम्हांला आनंदच आहे. मात्र संस्कारवर्ग चालवणाऱ्यांनी आणि पालकांनी एवढे करावे, की मुलाने विमान सुखरूप उतरवले म्हणजे त्याचे कौतुक करून त्याला पुढचे दोन प्रश्न विचारावेत. तेथे भूक कशामुळे आली? आणि आणलेले अन्न कोणाला मिळाले नसेल? या प्रश्नांची उत्तरे खेळ देणार नाही. ती शोधण्यासाठी मुलाला नकाशा, वर्तमानपत्र आणि इतिहासाचे पुस्तक उघडावे लागेल, आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनाही काही विचारावे लागेल. त्यांच्यापैकी कित्येकांनी अशा रांगेत उभे राहून वाट पाहिलेली आहे.